एका चंबूतून तीन बशा

‘संशोधनकौशल्ये आणि संशोधननीती’ हा विषय पदव्युत्तर विज्ञान विभागात कुणालाच नको होता. त्याला स्वतःची प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, आणि तास शनिवारी दुपारी दोनचा. चौदा वर्षांपूर्वी विभागाच्या बैठकीत त्याचे वाटप निघाले, तेव्हा सगळे सहकारी एकाएकी आपापल्या चहाच्या कपात डोकावू लागले. जिचा कप आधीच रिकामा झाला होता, तिच्या गळ्यात तो पडला.

तेव्हापासून त्या शाईबाई. प्रयोगवहीत पेन्सिल चालणार नाही, चुकले तर एकच रेघ मारायची आणि खालचे वाचता आले पाहिजे, पान फाडायचे नाही, नोंद त्याच वेळी करायची, संध्याकाळी आठवून नाही. हे त्या दरवर्षी इतक्या तळमळीने सांगत की मागच्या बाकावर कुणीतरी त्यांच्या आधीच वाक्य पुरे करी. घरी त्यांचे यजमान, निवृत्त भूमापक, हे सारे ऐकून म्हणत, “तुझं सगळं पटतं त्यांना. म्हणून तर तसंच लिहितात. करतात वेगळं.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला!” बाई फणकारत.

प्रबंधिका सादर करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची प्रयोगवही तपासून बाईंनी प्रमाणपत्रावर सही करायची, असा नियम होता. त्या वर्षी बारा वह्या आल्या. पहिलीच उघडली ती मुंगीची. मुंगी म्हणजे ठेंगणीशी, कायम काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली मुलगी. दुसऱ्या शहरातल्या एका संशोधनसंस्थेत तिला जागा मिळाली होती. महिनाअखेरीपर्यंत प्रबंधिका सादर झाली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची. महिनाअखेरीला चोवीस दिवस उरले होते.

एका झाडाच्या सालीचा अर्क बुरशीची वाढ रोखतो, असे तिला दाखवायचे होते. अर्क तीनदा, दर वेळी नव्या चंबूत, वेगळा करायचा, प्रत्येक वेळी नव्याने बुरशी वाढवायची आणि तिन्हींचे उत्तर जुळते का ते पाहायचे. बत्तिसाव्या पानावर सुबक अक्षरात नोंद होती : ‘एकाच चंबूतून तीन बशा भरल्या. दुपारी सव्वाबारा.’

बाईंनी तिला बोलावून घेतले. “हे काय आहे?”

“नोंद आहे, बाई. तुम्हीच म्हणालात ना, केलं ते लिहा.”

“अगं, तीनदा कर म्हटलं होतं!”

“केलं की. तीन बशा आहेत.”

“एकाच माणसाला तीन वजनकाट्यांवर उभं केलं म्हणजे तीन माणसं होतात का?”

मुंगीने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. पण काटे बरोबर आहेत एवढं कळतं.”

एरवी बाईंना हसू आले असते. “यावर सही कशी करू मी?”

“म्हणजे नाही करणार?” मुंगीचा आवाज चढला. “बाकीच्यांनी काय केलंय ते बघा एकदा. नावं नाही सांगणार मी. पण मी लिहिलंच नसतं, तर आत्ता सही घेऊन घरी गेले असते. खरं की नाही?”

मुलगी वही तिथेच टाकून निघून गेली.

उरलेल्या अकरा वह्या बाईंनी दातओठ खात वाचल्या. अकराही ठिकाणी तेच वाक्य : ‘प्रयोग स्वतंत्रपणे तीन वेळा करण्यात आला.’ ते बाईंच्याच व्याख्यानातले होते, जसेच्या तसे उचललेले. खाडाखोड नियमाप्रमाणे एका रेघेची, तीही प्रत्येकात दोन-दोनच. चौदा वर्षांच्या शिकवणीचे फळ इतके नीटनेटके पाहून बाईंना वह्या खिडकीबाहेर भिरकावाव्याशा वाटल्या.

भिरकावण्याऐवजी त्या जिना उतरून तळमजल्यावर गेल्या. तिथे प्रत्येक चंबू वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून घ्यावा लागे, आणि प्रयोगशाळा सहायक त्या यंत्राच्या नोंदी ठेवी. मुंगीच्या नोंदीत लबाडी नव्हती, पण बाकीच्यांबद्दलचे तिचे म्हणणे खरे असेल तर ते इथे दिसायला हवे होते. बाईंनी नोंदवही चाळली. बारा विद्यार्थ्यांपुढे बारा चंबू. प्रत्येकी एक.

“दुसऱ्यांदा कुणीच नाही आलं?”

“कोण येतंय, बाई? एका खेपेला दीड तास जातो. पोरं म्हणतात, एकातूनच भागवू.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही खाली कधी आलात?” सहायकाने साधेपणानेच विचारले, आणि बाईंच्या जिव्हारी लागले. स्वतंत्रपणा त्यांनी चौदा वर्षे दुसऱ्या मजल्यावर, पडद्यावर शिकवला होता. दीड तासाच्या कंटाळ्याशी त्याची गाठ कशी घालायची, हे कुणाच्याही शेजारी उभे राहून दाखवले नव्हते. सगळ्यांचा राग आला होता. आता त्यात स्वतःचीही भर पडली.

बाराही जणांना प्रयोग पुन्हा करायला लावायचा बाईंचा बेत ऐकून विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. “एका मुलीपायी अख्खी तुकडी अडवणार तुम्ही?”

“ती एकटीच खरं लिहितेय, सर. तिला एकटीला अडवलं, तर पुढच्या वर्षी बाराच्या बारा वह्या स्वच्छ येतील.”

“मग तिलाही सही द्या आणि मोकळ्या व्हा!”

“आणि तिच्या निष्कर्षावर तुम्ही लेख पाठवताय, त्यावर तुमचंही नाव आहे. तो चुकला तर?”

प्रमुखांनी खिडकीबाहेर पाहिले. “महिनाअखेर. एक दिवस जास्त नाही. आणि उबवणयंत्रातल्या फळ्यांवरून भांडणं लागली, तर तुमची तुम्ही निस्तरा.”

भांडणे लागलीच. बाई रोज सकाळी साडेसातला तळमजल्यावर हजर. दीड तासाच्या खेपा त्यांनी वाटून लावल्या, फळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि चौघांच्या अबोल्यात मध्यस्थी केली. “शिक्षा आहे का ही?” एकाने विचारले. “हो, माझी,” बाई म्हणाल्या. मुंगी त्यांच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. ती चंबू घासताना बाईंकडे पाठ करून उभी राही.

पहिल्या नव्या चंबूत बुरशी रोखली गेली. दुसऱ्यातही. तिसऱ्यात, त्याच सालीचा अर्क, तीच मात्रा, तीच ऊब असताना, बशीभर पांढरी लव उगवली. मुंगीने बशी उजेडात धरून पुन्हा पाहिली. नव्याने चौथा चंबू करण्याइतके दिवस उरले नव्हते, आणि बाई पाच पावलांवर दुसऱ्याची वही बघत होत्या. मुंगीने कुणाला काही न विचारता आकडे लिहिले. निष्कर्षाचे प्रकरण पुन्हा लिहावे लागले : ‘परिणाम दोनदा दिसला, एकदा नाही, ठाम विधान करता येत नाही.’ प्रमुखांचा लेख खणात गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साडेचार वाजता ती प्रमाणपत्र घेऊन आली. कार्यालयाची खिडकी पाचला बंद होई.

“आता तरी?”

बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मुंगी पाय आपटत उभी. घड्याळ पावणेपाचवर गेले.

“सत्तेचाळिसाव्या पानावर वेळ नाही लिहिलीस.”

“बाई!” मुंगी किंचाळलीच. “साडेनऊ. सकाळी. तुम्ही शेजारीच उभ्या होतात!”

“मग आत्ता लिही, आणि नंतर लिहिली असं शेजारी लिही.”

तिने लिहिले, दात खात. बाईंनी सही केली. मुंगीने कागद ओढून घेतला, आभार मानायची तसदी न घेता दारापर्यंत पळाली आणि तिथून ओरडली, “तिथले शिक्षक तुमच्यासारखे निघाले, तर मी परत येईन!”

“इथे जागा नाही,” बाई ओरडल्या. जिन्यावरची पावले दोन-दोन पायऱ्या घेत खाली गेली, आणि बाईंनी दुसरी वही उघडली. दाराबाहेर अजून सात जण घड्याळ बघत उभे होते.