खिंडीवरचा उजेड

फेब्रुवारीची अखेर होती. मी नायब सुभेदार, पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका बर्फाळ चौकीचा कमांडर. चौकीवर भोपाळचे आम्ही दोघेच. मी सोनागिरीचा, नायक देवेंद्र लोधी गोविंदपुऱ्याचा. तिथे त्याचे वडील खरादावर, म्हणजे लेथ मशीनवर, काम करायचे.

दिवस ठरलेला असे. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, संध्याकाळी सातला रेडिओवर रिपोर्ट.

त्या आठवड्यात समोरच्या खिंडीवर रोज एक उजेड दिसू लागला. पांढरा, स्थिर, कुठल्याही ताऱ्यापेक्षा ठळक. सूर्य मावळल्यावर दिसायचा आणि तासाभरात हळूहळू खिंडीमागे उतरायचा. मी तो ड्रोन म्हणून कळवत होतो.

पाचव्या संध्याकाळी लोधी म्हणाला, "साब, ये रोज तीन-चार मिनट पहले उतरता है। ड्रोन इतने हिसाब से नहीं चलता।"

"मग काय आहे?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळायचं.

"बड़ी दूरबीन लगाऊँ?"

ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीच्या काचांवर बर्फ धरला होता. साफ करून लावायला वीस मिनिटं लागली असती. घड्याळात १८:५२ झाले होते.

"रिपोर्ट आधी," मी म्हणालो.

सातला ड्रोनचाच रिपोर्ट दिला. सव्वासातला हुकूम आला. पहाटे सहा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, खिंडीपर्यंत जाईल आणि ड्रोन उडवण्याची जागा शोधेल. पेट्रोलमध्ये लोधी होता.

०५:३० ला ते निघाले. ०८:१० ला रेडिओवर आवाज आला, "एव्हलांच! एक आदमी नीचे!" मी चौघांना घेऊन धावलो. लोधी ११:४० ला कोसळलेल्या बर्फाखाली सापडला. श्वास नव्हता.

त्या संध्याकाळी मी स्वतः काचा पुसल्या आणि दुर्बीण लावली. डोळ्यांना ठिपका दिसत होता. दुर्बिणीत छोटी, स्वच्छ कोर होती, तिजेच्या चंद्रासारखी. तो शुक्र होता.

"ड्रोन नहीं है। शुक्र ग्रह है," मी कळवलं.

पलीकडून उत्तर आलं, "रॉजर।"

निवृत्तीनंतर मी सोनागिरीला परतलो आणि एक साधा टेलिस्कोप घेतला. लोधीच्या वडिलांकडे, रामसेवकजींकडे, जायला मला आणखी दोन वर्षं लागली. गेलो तेव्हा उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही.

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "दिखता है अभी?"

शुक्र पुन्हा संध्याकाळी दिसू लागेपर्यंत काही महिने थांबावं लागलं. मग ते माझ्या गच्चीवर आले. आधी त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग वाकून टेलिस्कोपमधून.

"ये तो कटा हुआ है," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "निकल गया।"

"पृथ्वी फिरती है न। फिर से लगाता हूँ।"

"रहने दीजिए।"

ते कठड्यावर बसले आणि देवेंद्रबद्दल बोलू लागले. चौथीत असताना तो घरी न सांगता मोठ्या तलावावर जायचा आणि एका नाववाल्याकडून पोहायला शिकला होता. आईला त्याच्या ओल्या केसांवरून कळलं होतं. हे सांगताना ते हसले.

आम्ही दोन हिवाळे एका बंकरमध्ये काढले होते. लोधीला पोहता येत होतं, हे मला माहीत नव्हतं.