दुखायचा थांबलेला कान

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिचा डावा कान दोन दिवस ठणकला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम थांबला. सर्दी आठवडाभर होतीच. ती कान धरून गादीवर लोळत होती, मी माजिवड्याच्या ऑफिसातून रजा घेऊन शेजारी बसले होते आणि आई कल्याणहून फोनवर सूचना देत होती. लसणीची पाकळी तेलात कढव, कोमट झालं की दोन थेंब घाल. मी घातले. तासाभराने पोर झोपली, आणि उठली ती खायला मागतच. उशीवर पिवळसर डाग होता, त्यात किंचित रक्त. मी अभ्रा धुवायला टाकला आणि आईला कळवलं की उतरलं. आईने संध्याकाळपर्यंत चार नातेवाइकांना आपल्या तेलाचा गुण ऐकवला.

खरं काय झालं होतं, ते तीन वर्षांनी ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साठतं आणि त्याचा पू होतो. त्याला वाट मिळत नाही म्हणून कान ठणकतो. मग पडदा फाटतो, पू बाहेर येतो आणि दुखणं थांबतं. आम्हाला ज्या क्षणी हायसं वाटलं, त्या क्षणी तिचा पडदा फाटला होता. बाईंनी हेही सांगितलं की असा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. म्हणजे फाटण्यात आमचा दोष नव्हता, पण तो भरू दिला नाही तो आम्हीच.

आणि ते काम आम्ही निष्ठेने केलं. आमच्याकडे मुलांना रविवारी तेल लावून न्हाऊ घालतात, त्यासाठी आई कल्याणहून यायची, आणि शेवटी दोन्ही कानांत तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे ही घराण्याची रीत. ते तेल आणि न्हाणीचं पाणी पडद्याच्या भोकातून सरळ आत जात होतं. दर सर्दीला कान वाहायचा. आमचे ठाकुर्लीचे डॉक्टर दहा दिवसांचे थेंब लिहून द्यायचे आणि बजावायचे, कान कोरडा झाला की पुन्हा आणा, मला आत बघायचंय. तिसऱ्या दिवशी कान कोरडा व्हायचा. मी थेंब बंद करायचे आणि बाटली पुढच्या वेळेसाठी फ्रिजच्या दारात ठेवायचे. पुन्हा दाखवायला एकदाही नेलं नाही. आपण ऊठसूट मुलांना औषधं पाजत नाही, याचा वर मला तोरा होता.

दुखत नव्हतं, म्हणून काळजीही वाटत नव्हती. शिवाय आमच्यात वाहत्या कानाला कुणी आजार म्हणतच नसे. माझे आजोबा कानात कापसाचा बोळा घालूनच लग्नाच्या पंगतीला बसत. मोठी झाली की थांबेल, असं आई म्हणायची. आजोबांचा कधीच थांबला नव्हता, आणि शेवटी शेवटी ओरडून ओरडून थकलेल्या घरातल्यांनी त्यांच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं. हे तिला आठवत नसे आणि मलाही नाही.

त्याच वर्षांत मुलगी ऐकेनाशी झाली. तीन हाकांना उत्तर नाही. मी मुळात तापट, त्यामुळे चौथी हाक अशी जायची की खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघायच्या. मुद्दाम करतेस, हे माझं ठरलेलं वाक्य. शाळेतल्या बाई म्हणाल्या, स्वप्नाळू आहे. घरी येऊन त्यावर मी तिला अर्धा तास सुनावलं. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत उभी होती. मला तो उर्मटपणा वाटला.

चौथीत शाळेतल्या तपासणीनंतर चिठ्ठी आली आणि आम्ही ठाण्याला गेलो. तिला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर बसलेली तपासणारी मुलगी यंत्राची चकती फिरवत राहिली. माझी मुलगी बटणावर अंगठा ठेवून श्वास रोखून वाट बघत होती, आणि अंगठा काही हलत नव्हता. मुद्दाम करणारं मूल असं बसत नाही. मला माझी इतकी लाज वाटली की मी काचेवरून नजर काढली.

डाव्या पडद्याला भोक होतं आणि त्याच्या कडा जुन्या झाल्या होत्या. आता ते आपोआप बुजणार नव्हतं. उजव्या पडद्यामागेही पाणी साठलं होतं. उजवा औषधांनी सुधारेल, डाव्याचं ऐकणं किती परत येईल ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. पुढचं वर्षभर तेल बंद, न्हाताना व्हॅसलिनचा कापूस, थेंब पूर्ण दहा दिवस. आईने रविवारची तेलाची वाटी कपाटात ठेवून दिली. कान कोरडा राहिल्यावर ऑपरेशन करून नवा पडदा बसवला. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा उजवा चांगला होता. डाव्यातलं बरंचसं परत आलं होतं, काही गेलं ते गेलंच.

काचेच्या खोलीपासून माझं ओरडणं सुटलं होतं, पण मनातली बोच जात नव्हती. एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी तिला म्हटलं की त्या वर्षांत मी तुझ्यावर फार ओरडले, माझं चुकलं. ती शेंगा सोलतच राहिली.

"तू ओरडलीस की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "तेव्हा तू काय म्हणतेस ते कळायचं."