काडेपेटीएवढं घड्याळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत मला सगळीकडे काहीतरी दडवलेलं दिसतं. नोकरीत या गुणाचा त्रासच झाला. पण निवृत्त होऊन एकोडीच्या पुढच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा याच गुणावर गावानं मला तलावाचं पाणी वाटायचं काम दिलं. जो कुणावरच विश्वास ठेवत नाही तो कुणाची बाजूही घेणार नाही, असा त्यामागचा हिशोब असावा. अकरा वर्षं मी ते काम केलं आणि मला त्याचा गर्व होता.

आमच्याकडे पाऊस सरला की भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला तलावाचं पाणी लागतं. धान फुलावर असताना ते मिळालं नाही तर लोंब्या वर येतात, पण आत दाणा भरत नाही. पाळीचे दोन नियम फार जुने. पहिला, ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावातून निघणाऱ्या नहराच्या अगदी शेवटी आहे त्याला पाणी सर्वांत आधी द्यायचं, मग एकेक करत वर यायचं. शेवटच्यावर अन्याय नको म्हणून ही रीत. दुसरा, पाळीला घड्याळ एकच, पाणी देणाऱ्याचं. बाकीच्यांचे मोबाइल खिशात. मी सकाळी सातच्या ठोक्याला तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडायचो. सात ते नऊ शेवटच्याची पाळी. नऊला त्याच्या वरचा नहरात माती टाकून पाणी आपल्याकडे वळवायचा.

शेवटच्या बांधीचा मालक माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. दर वर्षी एकदा येऊन तो म्हणायचा, "भाऊ, पाणी लय उशिरा येऊन राहिलं." मला ते झोंबायचं. तुडुमापासून त्याची बांधी दिसत नाही, मध्ये चढ आहे. म्हणजे मी उशिरा उघडतो असंच त्याला म्हणायचं होतं, दुसरं काय? मी मनगट पुढं करून म्हणायचो, "सातला उघडलं. एक मिनिट इकडेतिकडे नाही." पाणी तिथवर जायला थोडा वेळ लागतो हे मलाही कळत होतं. एकदा वाहत्या नहरात पळसाचं पान सोडून मी त्याच्यासोबत चाललो होतो, पाव तासात पोचलं. पाव तासासाठी कुरकुर करणारा माणूस लबाड असला पाहिजे, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

माझी मुलगी दक्षिणेत एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या ऑक्टोबरात ती सुट्टीवर आली, तेव्हा तिच्या बॅगेत काडेपेटीएवढ्या दोन डब्या होत्या, जाड प्लास्टिकच्या खोक्यांत बंद केलेल्या. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "घड्याळं आहेत बाबा. अणुघड्याळं."

अणू म्हटल्याबरोबर मी खुर्ची मागे सरकवली. ती हसली नाही, तिला माझी सवय आहे. तिनं समजावलं. आपल्या घड्याळात एक स्फटिक थरथरतो आणि त्या थरथरी मोजून वेळ कळते. पण स्फटिक उन्हानं, थंडीनं, वयानं बदलतो. सीझियम नावाच्या धातूचा अणू मात्र बदलत नाही, म्हणून त्याच्याशी ताडून बघत त्या स्फटिकाला सतत ताळ्यावर ठेवायचं. असली घड्याळं पूर्वी कपाटाएवढी असत. आता तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत त्या धातूची वाफ कोंडतात आणि तिच्यातून लेझरचा बारीक किरण सोडतात. ही वाफ किरणोत्सर्गी नाही, हे तिनं मला तीनदा सांगितलं. खरी अडचण वेगळीच होती. ती कुपी सतत गरम ठेवावी लागते आणि ती ऊब बॅटरी खाते. कमीत कमी बॅटरीत ऊब कशी टिकवायची, हेच तिचं गेल्या चार वर्षांचं काम.

"पण वेळ तर मोबाइलवर फुकट दिसते," मी म्हणालो.

"मोबाइलले दुसरं कोणी सांगते, बाबा. समुद्राच्या तळाशी, खाणीत कोण सांगन? तिथं डबीनं सोताच वेळ धरून ठेवली पायजे."

म्हणून तिला दोन्ही डब्या बारा दिवस मातीत पुरून ठेवायच्या होत्या. रात्रीचा गारवा, दुपारचं ऊन, चिखल, सगळं सोसून त्या एकमेकींपासून किती ढळतात ते बघायला. एक तुडुमाजवळ नहराच्या काठात आणि दुसरी नहराच्या शेवटी. खोक्याला बाहेरून पाणी लागलं की ती वेळ आत नोंदली जाई, गळती झालीच तर कधी झाली ते कळावं म्हणून.

शेवटी म्हणजे त्याच माणसाच्या बांधीला लागून! ती स्वतः जाऊन त्याला विचारून आली आणि तो लगेच हो म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. दर वर्षी कुरकुरणारा माणूस एवढ्या सहज हो कसा म्हणतो? माझीच पोरगी हाताशी धरून मला पकडायचा डाव दिसतोय. मी तिला आडून आडून विचारलं, तो काय म्हणाला? ती म्हणाली, "थे विचारत होते, बाबानं माह्यावर नजर ठेवाले पाठवलं का? मी नाही म्हटलं तं म्हणाले, मंग गाड." तो मला पारखत होता आणि मी त्याला. पोरगी मधल्यामध्ये चिखलात हात घालून बसली होती.

त्या बारा दिवसांत मी दोनदा पाणी सोडलं. खोटं कशाला बोलू, दोन्ही दिवशी मी पावणेसातलाच तुडुमावर जाऊन बसलो होतो.

तेराव्या दिवशी तिनं डब्या उकरून आणल्या आणि लॅपटॉपला जोडल्या. आधी तिचं काम झालं. पापणी मिटायला लागतो त्या वेळाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही फरक दोघींत पडला नव्हता, आणि बॅटरी अजून शिल्लक होती. तिचा चेहरा उजळला. मग मी विचारलं, तुडुमाजवळच्या डबीला पाणी कधी लागलं? सातला. दुसऱ्या खेपेलाही सातलाच. "पाहिलं?" मी जवळजवळ ओरडलो. अकरा वर्षांनी साक्षीदार मिळाला होता, आणि तोही लाच न खाणारा.

दुसऱ्या डबीची नोंद तिनं माझ्याकडे फिरवली. पहिल्या खेपेला सात बावन्न. दुसऱ्या खेपेला सात एकोणपन्नास.

"घड्याळ चुकलं असेल," मी म्हणालो.

"बाबा, आताच तं पाहिलं तुमी."

मग मला ते दिसलं. पळसाचं पान मी भरलेल्या नहरात सोडलं होतं. सकाळी सातला नहर कोरडा असतो, भेगाळलेला. पहिलं पाणी त्या भेगाच पितात. सगळा नहर भिजवून उरेल ते शेवटच्याचं, आणि नऊला त्याची पाळी संपली की वरच्यांना आयता भरलेला नहर. त्याला दोन तासांतला तासभर मिळत होता, आणि ज्या रीतीचा आम्हाला अभिमान तीच त्याला मारत होती. मला लाज वाटली. तरी तोंडातून निघालं ते असं, "हे कुठं लिहू नको."

ती डब्या पुसत म्हणाली, "मी कायले लिहू? हे माह्या कामाचं नाही. आणि यासाठी अणुघड्याळ लागतच नव्हतं, बाबा. तिकडच्या टोकाले एक माणूस उभा राहिला असता, तरी पुरलं असतं."

त्या संध्याकाळी मी शेवटच्या बांधीवाल्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो खुश होईल, निदान मला चार शब्द ऐकवेल असं वाटलं होतं. तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"आता काय पायजे तुमाले?"

"काही नाही. तुमची पाळी यापुढं पाणी पोचल्यापासून मोजू."

"वरच्यायले सांगतलं?"

"अजून नाही."

"पयले त्यायले सांगा. मंग मले."

हंगामातल्या शेवटच्या पाण्याच्या सकाळी तलावाच्या बांधावर सगळे फावडी घेऊन जमले होते. मी सांगितलं. चूक माझी आहे, हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा दहा जणांसमोर म्हटलं. कोणी भांडलं नाही. एकानं विचारलं, मग आमची पाळी किती वाजता सुरू होणार? बस. तुडुमाची चावी मी दुसऱ्याच्या हातात दिली आणि पुढं सरकणाऱ्या पाण्यासोबत नहराच्या काठानं निघालो. पाणी चालत नव्हतं, रांगत होतं. प्रत्येक भेगेशी थांबून, ती भरून मगच पुढं. चढाजवळ मी दोनदा उभा राहून त्याची वाट पाहिली.

बांधीचा मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. त्याच्या बांधीच्या कडेचं धान मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. लोंब्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. एक तोडून मी दाणे दाबले, ते पोकळ होते.

पाणी बांधीत शिरलं तेव्हा तो उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बायकोले सांगत होतो, हा माणूस सकाळी झोपून राहते, म्हणून पाणी उशिरा येते. तुमी तं जागेच होते. मंग अकरा वर्षांत एक दिवस इथवर यायले काय झालं होतं?"