आधी सत्कार, मग चित्र

थेरगावात डांगे चौकाजवळ, फर्निचरच्या एका दुकानावर आमचं कलादालन आहे. तिथे दर महिन्याला एक व्याख्यान होतं आणि ते भरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. कधी शिल्प, कधी नाटकाचं नेपथ्य, कधी लोकवाद्यं. वक्ते चांगले मिळतात. ऐकायला मात्र तीच निवृत्त मंडळी, त्यातलीही निम्मी चहा होईपर्यंतच.

शेवटी दालनाच्या मालकांनी मला बजावलं, "एकदा हॉल भरून दाखवा, नाहीतर जागा क्लासवाल्यांना देतो."

मी कधीची सांगत होते, रविवार बदला. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये असतं आणि तिथली सुट्टी गुरुवारी. रविवारी माणूस मशिनवर उभा, आणि आम्ही इथे रिकाम्या खुर्च्यांना रंगसंगती समजावतोय! पण "व्याख्यान रविवारीच शोभतं" हे दालनाच्या समितीचं पालुपद. पुण्यात रविवारी असतं ना, मग आपल्याकडेही रविवारीच. माझं डोकं फिरायचं. जागाच जायची वेळ आली तेव्हा कुठे गुरुवार मिळाला.

वक्त्या तळेगावच्या एक चित्रकार बाई होत्या. विषय साधा: चित्र बघायचं कसं. मी भोसरीत वर्कशॉपच्या गेटवर, खानावळीत, चहाच्या टपऱ्यांवर पत्रकं वाटत फिरले. त्या संध्याकाळी जिन्यावर चपला मावेनात. माणसं बायकामुलांसकट आली होती. खालच्या दुकानातून खुर्च्या मागवाव्या लागल्या. मला खरंच रडू येत होतं.

भरलेला हॉल बघून मालकांच्या अंगात आलं. त्यांनी फोन फिरवले. एक माजी नगरसेवक आले, त्यांच्यामागे कार्यकर्ते आले, आणि आलेल्या पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो. मग सत्काराला उत्तर. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मी मालकांच्या कानाशी लागले, "अहो, बाईंना बोलू द्या आता."

"बोलतील हो मॅडम. पाहुण्यांचा मान आधी."

बाईंनी आणलेलं चित्र टेबलाला टेकवून ठेवलं होतं. त्याच्यावर कुणीतरी शाली टाकल्या.

बाई उठल्या तोवर मुलं भुकेने किरकिरायला लागली होती. सकाळी पहिली शिफ्ट. बाईंची चार वाक्यं होतात न होतात तोच मागच्या रांगा उठल्या, मग पुढच्या. लोकांचा मला राग आला नाही. बसून बसून किती बसतील? बाईंनी बोलणं थांबवलं, शाली बाजूला केल्या, चित्र कापडात गुंडाळलं आणि जिना उतरल्या.

मालक खुशीत माझ्याकडे आले. "मानलं तुम्हाला! व्याख्यान बंद नाही करायचं आता. दर महिन्याला अस्संच!"

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्यांच्याच अंगावर फेकावंसं वाटत होतं.

दारात एक जण मुलीला कडेवर घेऊन थांबला होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. "मॅडम, कार्यक्रम लई भारी झाला," तो म्हणाला. मग जरा संकोचून, "पण ते चित्र बघायचं कसं, ते कधी सांगणारेत?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणाले.

"मग येतो आमी," म्हणत तो समाधानाने गेला. आत मालक फोनवर पुढच्या महिन्याचे पाहुणे ठरवत होते.