गलबताचं दावं

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे, जिथून समुद्र दिसणं सोडाच, त्याचा खारा वासही कधी येत नाही, अशा ठिकाणी लंकाबाईंच्या द्राक्षबागेच्या कडेला कित्येक वर्षं एक शिडाची बोट उभी होती. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, गुडघ्यांना तेल लावतात, फार तर सरपंचकीला उभी राहतात. लंकाबाईंच्या नवऱ्याने, खंडेरावांनी, एका म्हाताऱ्या कॅप्टनकडून जुनी बोट विकत घेतली. आत दोघांना झोपायला केबिन, शेगडीपुरता ओटा आणि वर आडवी बांधून ठेवलेली डोलकाठी. ट्रेलरवरून ती गावात शिरली तेव्हा पारावरच्या एकाने विचारलं, "खंडूभाऊ, पूर येणार हाय का?" आणि त्या दिवसापासून तिचं नाव गलबत पडलं ते पडलंच.

लंकाबाईंनी पहिला महिनाभर नवऱ्याशी आणि गलबताशी अबोला धरला. नवऱ्याशी तो आधी सुटला. गलबताशी सुटायला उन्हाळा यावा लागला, कारण त्याच्या पाठीवर कुरडया झकास वाळतात आणि तिथे कोंबड्या पोचत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे पुढे दुपारी केबिनमध्ये वारा लागतो म्हणून त्या तिथेच पडायला लागल्या. खंडेराव बाहेर घासत, रंगवत, ठोकत असायचे. "पुढच्या हिवाळ्यात पाण्यात सोडू," म्हणायचे. असे बरेच हिवाळे गेले, आणि एका हिवाळ्यात खंडेरावच गेले. गलबताला पाणी लागलं ते फक्त पावसाचं.

बोट विकायची ठरली तेव्हा पुण्याच्या मुलाने, सोमनाथने, मोबाइलवर जाहिरात टाकली. हॉटेलवाला एक आला, त्याला तिच्यात बसून लोकांनी मिसळ खावी असं वाटत होतं. लंकाबाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "त्यांनी जल्मभर घासलं ते काय तर्रीचे डाग पाडायला?" मग नाशकातून तेजल आणि रुद्र आले. दोघं कॉम्प्युटरवर काम करणारी, लग्नाला फार दिवस न झालेली, मुंबईला जाऊन शीड हाकायला शिकलेली. त्या दोघांनी दिवसभर बोट टकटक वाजवून पाहिली, खाली आडवं होऊन पाहिली, प्रत्येक खण उघडून आतलं सगळं बाहेर काढून पुन्हा जागच्या जागी ठेवलं. सोयरीक जुळवताना कोणी एवढी चौकशी करत नाही. लंकाबाईंना माणसं पटली. म्हणाल्या, "न्या. पण पाण्यात न्या."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या भागात बैल विकताना दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपला कासरा आणायचा, तो बैलाच्या गळ्यात घालायचा, आणि विकणाऱ्याने आपलं दावं सोडून परत गोठ्यात टांगायचं. बैल जातो, पण गोठ्याची बरकत दाव्यासोबत घरी राहते. दावं दिलं तर दावण ओस पडते, असं लंकाबाईंच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. लंकाबाईंनी शेवटची जोडी विकली तेव्हाही दावी घरात ठेवली होती. आणि गलबताला दावं होतंच की. वादळवाऱ्यात कलंडू नये म्हणून खंडेराव ते बागेच्या कडेच्या लिंबाला एका जाडजूड पांढऱ्या दोराने बांधायचे, आणि वारा पडला की तो दोर बोटीच्या पुढच्या टोकाला, झाकणाच्या खणात गुंडाळून ठेवायचे.

ट्रेलर यायच्या आदल्या संध्याकाळी लंकाबाई एकट्या बोटीवर चढल्या. त्यांनी त्या खणाचं झाकण उघडलं. वरती लोखंडी नांगर, त्याला थोडीशी साखळी, साखळीच्या टोकाला तो दोर. त्यांनी गाठ सोडली, दोर काढून घेतला. वाटेत घाटात नांगर आदळून पोरांची बोट फुटू नये म्हणून खाली दोन गोणपाटं घातली, त्यावर साखळी आणि नांगर नीट मांडून झाकण लावलं. दोर ओस पडलेल्या गोठ्यात खुंटीला टांगला. चोरी केली असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. दावं होतं, ते घरी राहिलं.

पोरांनी अलिबागजवळ मांडव्याला बोट पाण्यात उतरवली. तेजल रोज फोटो पाठवायची, सोमनाथ पुण्याला नोकरीला असला तरी बाग सांभाळायला इथेच राहिलेली सून स्नेहल ते लंकाबाईंना दाखवायची. आणि मग ऐन द्राक्षकाढणीच्या दिवसांत, सकाळी बागेत बाया क्रेट भरत असताना, तेजलचा फोन आला.

"काकू! निघालोय आम्ही! बोटीतूनच बोलतेय. मुरूडच्या अलीकडे एक छोटीशी खाडी आहे, आज तिथेच राहणार."

"बरं. आन बांधणार कशाला? झाडबिड हाय का तिथं?"

तेजल खळखळून हसली. "समुद्रात झाड कुठलं काकू! आजवर धक्क्याला बांधत होतो, आज पहिल्यांदा नांगर टाकणार. साखळी खाली जाते, तिच्यामागे तो लांब दोर सोडायचा. त्या दोराच्या जिवावर तर निवांत झोपायचं!"

लंकाबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. 'पोरी, तो दोर इथं हाय,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण विकलेल्या वस्तूतून काहीतरी काढून घेतलं, हे तोंडाने कसं म्हणायचं? ज्या बाईने उभ्या आयुष्यात वजनात कधी मारलं नाही, क्रेटच्या तळाला कधी बारक्या मण्यांचा घड घातला नाही, तिने? तेवढ्या विचारात तेजल म्हणाली, "रेंज जातेय काकू, उद्या बोलू," आणि फोन बंद झाला.

लंकाबाईंनी लावून पाहिला. लागला नाही. पुन्हा लावला. बाईचा आवाज आला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्या बाईला लंकाबाईंनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि मग स्वतःला चार.

त्या गोठ्यात गेल्या. दोर खुंटीला होता. साप असता तर बरं झालं असतं, काठीने हाणता तरी आला असता. स्नेहलला सांगावं तर ती काय म्हणेल? नाही सांगावं तर तिकडे काय होईल? तासभर त्या बागेतून गोठ्यात, गोठ्यातून बागेत करत राहिल्या. क्रेट भरणाऱ्या सविताने विचारलं, "काकू, काय हरवलं का?" तर तिच्यावरच खेकसल्या. मग फडफडणाऱ्या शेडनेटकडे त्यांचं लक्ष गेलं. वारा सुटला होता. इथे एवढा, तर तिथे केवढा?

त्या घरात आल्या. स्नेहल लॅपटॉपवर द्राक्षाच्या निर्यातीचे कागद करत होती.

"स्नेहल, माझ्या हातून लय वंगाळ काम झालंय."

सगळं ऐकून स्नेहलने लॅपटॉप मिटला. "आई! नांगराचा दोर काढून घेतलात? अहो, तो बैल होता का?"

"मंग काय होता मला? बांधलेलं होतं ना दारात?"

स्नेहलने फोन उचलला. तेजल लागत नव्हती, रुद्र लागत नव्हता. मांडव्याच्या ज्या माणसाने बोट पाण्यात सोडली होती तो लागला. म्हणाला, पहाटेच गेले, दोघंही खुशीत होते, पण दुपारनंतर वारा वाढणार आहे, मच्छीमार लवकर परतणार आहेत. हे तो अगदी सहजपणे म्हणाला.

मग स्नेहलने किनाऱ्यावरच्या पोलिसांचा नंबर शोधला. तिकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं. बोटीचं नाव विचारलं. स्नेहलने सासूकडे पाहिलं. नाव? गलबत म्हणून कोणी नोंद करतं का?

लंकाबाईंनी फोन ओढून घेतला. "साहेब, पांढरी हाय. बाजूनं निळा पट्टा. मागच्या अंगाला डावीकडं रंग जरा गडद लागलाय, तो मी लावला होता, त्यांचा हात दुखू राह्यला होता तव्हा. आत दोन लेकरं हायेत. त्यांच्याकडं दोर नाय. तुम्ही कसंबी करा, पण त्यांना गाठा."

"आजी, तिथल्या कोळीवाड्यांत निरोप देतो," पोलीस म्हणाला. "नौका बाहेर आहेत, बघतील. तुम्ही फोन जवळ ठेवा."

फोन जवळ ठेवण्याइतकं अवघड काम दुसरं नसेल. जेवण कोणाला गेलं नाही. बायांनी बाग आवरली, गाडी क्रेट घेऊन गेली, मोजदाद करायलाही लंकाबाई उठल्या नाहीत. त्या ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सप्तशृंगीला नवस बोलावा असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने? आई विचारेल, दोर कुठाय? त्यांना वाटत होतं की खंडेराव असते तर ओरडले असते, आणि कुणीतरी आपल्यावर ओरडावं असं त्यांना फार वाटत होतं. स्नेहल मात्र ओरडत नव्हती. ती चहा करून आणत होती आणि तो गार होत होता. उन्हं खाली आली तरी मांडीवरचा फोन मुका होता. आता ती दोघं नांगर टाकत असतील, आता साखळी खाली जात असेल, आता तिच्यामागे हात दोर शोधत असतील. हेच चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होतं.

दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"काकू, मी तेजल." आवाज फाटलेला. "आम्ही ठीक आहोत. एका कोळ्याच्या घरी आहोत."

लंकाबाईंच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं. तेजल मात्र बोलत होती, थांबत नव्हती. रुद्रने नांगर टाकला आणि साखळीसकट सगळं तळाला गेलं, मागे काहीच नाही. खणात नुसती गोणपाटं. शीड आधीच उतरवलेलं, इंजिन सुरू होईना, आणि वारा बोटीला खडकांवर नेत होता. इतक्यात एक मच्छीमार नौका वाट वाकडी करून आली, तिने दोर फेकला, ओढून किनाऱ्याला आणलं.

"ते म्हणाले, पांढरी बोट निळा पट्टा, अडचणीत आहे, बघा, असा निरोप आला होता. नाशिकहून कोणा आजींनी पोलिसांना कळवलं म्हणे. काकू, तुम्हाला कसं कळलं हो? माझ्या आईलाही मला काही झालं की असंच कळतं." तिने एकदा नाक ओढलं. "आणि हा रुद्र! मी म्हटलं होतं दोर तपास, दोर तपास. हा म्हणाला आहे आत, मी बघितलाय. मला इतका राग आलाय की मी त्याच्याशी बोलतही नाहीये. बोट विकून टाकायची म्हणतेय मी. ज्याच्यावर एवढाही भरवसा ठेवता येत नाही त्याच्याबरोबर समुद्रात कशाला जायचं?"

फोनचा आवाज मोठा होता, स्नेहलला सगळं ऐकू येत होतं. तिने सासूच्या हातावर हात ठेवला आणि सांगू नका अशी हळूच मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरं वाचली, देवाची कृपा, आता कशाला? उलट पोरगी आईच्या जागी मानायला लागली आहे.

लंकाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"पोरी, नवऱ्यावर राग धरू नको. त्यानं पाह्यला तव्हा दोर होता. मागून मी काढला. माझ्या गोठ्यात हाय तो."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "का काकू?"

लंकाबाईंना दाव्याची रीत सांगायची होती. सासूचं, बरकतीचं, सगळं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "बैल गेले. हे गेले. सोमनाथ पुण्याला गेला. दारात बांधलेलं एवढं एकच राह्यलं होतं, तेबी मीच विकलं. मंग दावं तरी राहू दे म्हणलं. सबंध सोडून द्यायला जीव झाला नाय. आन त्यापायी तुमचा जीव जात होता."

तेजलने फोन ठेवून दिला. ते बरोबरच होतं असं लंकाबाईंना वाटलं, आणि तरी रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला त्या दोर पिशवीत भरून दारात उभ्या होत्या. "आपण नवा दोर पाठवून देऊ, मी ऑनलाइन मागवते," असं स्नेहलने म्हणून पाहिलं. लंकाबाईंनी ऐकलं नाही. शेवटी स्नेहलने गाडी काढली. कसाऱ्याच्या घाटापासून मुरूडच्या कोळीवाड्यापर्यंत लंकाबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या. ती मागच्या सीटवर ठेवू दिली नाही. ते लोक आपल्याला उभं तरी करतील का, ही एकच काळजी होती.

गलबत धक्क्याला लागलेलं होतं, आणि हलत होतं. इतक्या वर्षांत लंकाबाईंनी ते कधी हलताना पाहिलं नव्हतं.

रुद्र धक्क्यावर आला. कोळ्यांनी त्याला एक जुना नांगर आणि साखळी दिली होती, ती तो घासत होता. लंकाबाईंनी पिशवी पुढे केली. त्याने त्यांच्या देखतच दोर पूर्ण उलगडला, हात-हात करून सगळा तपासला, पीळ पाहिला, टोकं पाहिली. लंकाबाई शाळेतल्या पोरीसारख्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. तेजल बोटीवरून सगळं बघत होती. मग रुद्रने दोराचं टोक साखळीला बांधायला घेतलं.

"गाठ दोनदा मार," लंकाबाई म्हणाल्या. मग आपल्याला बोलायचा काय हक्क, असं वाटून गप्प बसल्या.

रुद्रने गाठ दोनदा मारली.

"काकू, या ना वर," तेजल म्हणाली. पहिलंच वाक्य होतं तिचं.

"नको पोरी. तुम्ही जा. मी हितूनच बघते."

बोट धक्क्यावरून सुटली, थोडी आत गेली. वारा होताच. रुद्र पुढच्या टोकाला वाकला, नांगर पाण्यात गेला, आणि त्याच्यामागे तो पांढरा दोर भराभरा जायला लागला. बोट वाऱ्याने मागे सरकत होती. खडकांच्या दिशेला. लंकाबाईंनी स्नेहलचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बोट सरकतच होती. मग दोर ताठ झाला, बोटीने एक हिसका खाल्ला, तोंड फिरवलं आणि ती जागच्या जागी थांबली.

लंकाबाई बराच वेळ बघत राहिल्या. बोट तिथेच होती.

"धरलं," त्या म्हणाल्या. "चल आता घरी."