डोस वाढवणारा मामा

माझ्या मामाजवळ प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय होता: डोस वाढवा. सौंसरला त्याचं कीटकनाशकांचं दुकान होतं. आयुष्यभर त्याला अहोजाहो केलं. आज करणार नाही.

रामाकोन्याचा शेतकरी तक्रार घेऊन यायचा, "भाऊ, कपाशीवरची अळी मरूनच नाही राहिली." मामा डबा पुढं सरकवायचा. "तू हात राखून फवारतं. दुप्पट घाल न!" पुढच्या हंगामात तोच माणूस, तीच अळी, आणखी मोठा डबा. मामाला त्यात दुकानाची बरकत दिसायची. दुसरं काही दिसावं एवढं डोकं त्याला नव्हतंच.

ऐंशीच्या दशकात माझ्या आईला रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरच्या गोळ्यांवर ती दोन वर्षं पांढुर्ण्यात घरचं सगळं करत होती. त्याचंही श्रेय मामा घ्यायचा, कारण गोळ्या तो आणायचा. मग पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या. डॉक्टरांनी हाडातला मगज काढून तपासला आणि सांगितलं, "या पेशींची गुणसूत्रं आणखी बदलली आहेत. बदललेल्या पेशी या गोळीनं मरत नाहीत. जास्त दिली तर चांगल्याच मरतील. गोळी बंद करा, सोमवारी भरती व्हा, दुसरं औषध देऊन पाहू."

बाहेर येताच मामा हसला. "गुणसूत्रं म्हणे! भेकड डॉक्टर. भरती कायले? डोस कमी पडून राहिला, बस."

उरलेल्या गोळ्या तो दुप्पट करून आईच्या तळहातावर ठेवू लागला. आई म्हणाली, "दादा, मी का कपाशीची पऱ्हाटी आहो, असं फवाराले?"

"तुले काय समजते बाई? घे मुकाट्यानं."

मोठ्या भावाला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. पाण्याचा पेला मी दिला. डॉक्टरांचं बोलणं मी नीट ऐकलं होतं, आणि मला ते समजलंही होतं.

तो सोमवार गेला, पुढचेही गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठं आम्ही नागपूर गाठलं. दुसरं औषध सोसायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

आईच्या तेरवीच्या पंगतीत मामानं बुंदी मागून घेतली आणि म्हणाला, "डोस पहिलेच वाढवाले पाहिजे होता. नाही का रे?"

सगळी पंगत माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "हो मामा."

पुढं दुकानात कोणाच्या कॅन्सरचा विषय निघाला की तो छाती फुगवून सांगायचा, "माह्या बहिणीचा डोस पहिलेच वाढवाले पाहिजे होता. मी नाही म्हणत भाऊ, तिचा पोरगाच म्हणते." लोक माना डोलवायचे. तो मरेपर्यंत मी ते खोडून काढलं नाही.