ऐकून घेणारी बाई

तेलंगणातल्या आदिलाबादच्या पोलीस कार्यालयाच्या मागच्या अंगाला, गाड्या धुतात त्या जागेला लागून, प्रतिभा दुर्गेची खोली आहे. पूर्वी तिथे हेल्मेटं आणि दंग्यातल्या ढाली ठेवत. आता एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ. दारावर पाटी तेलुगूत आहे, खाली इंग्रजीत. तिचा अर्थ एवढाच, की इथे मानसशास्त्रज्ञ बसतात. पण शिपायांच्या तोंडी या खोलीचं नाव वेगळं. ते प्रतिभाला ‘पिच्ची डॉक्टरम्मा’ म्हणतात, म्हणजे वेड्यांची डॉक्टरीण. तिला ते ठाऊक आहे. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं.

प्रतिभा मूळची तलमडुगुकडची. आजा-आजी दुसऱ्याच्या वावरात राबले, बाप देवाजी शिकून मराठी शाळेत मास्तर झाला आणि मुलगी हैदराबादेला जाऊन मानसशास्त्र शिकली. प्रतिभा शेवटच्या परीक्षेला बसली त्याच वर्षी आई रुक्माबाई वारली. लग्न झालं होतं, नागपूरच्या एका बँकेतल्या माणसाशी. माणूस वाईट नव्हता. तो म्हणायचा, “तू घरी येतेस आणि भिंतीकडे बघत बसतेस. दिवसभर काय झालं ते सांग ना.” पण दिवसभर जे झालेलं असे ते सांगण्यासारखं नसे. एखाद्या हवालदाराने रेल्वे रुळावरून काय काय उचललं, ते तो तिच्यापाशी बोललेला असे, आणि बोललेलं बाहेर जाणार नाही असं तिने त्याला सांगितलेलं असे. तिने शब्द पाळला. नवऱ्याने चार-पाच वर्षं वाट पाहिली आणि मग दोघं न भांडता वेगळे झाले.

कामाचे दोन भाग. एक, पोलिसांना सांभाळणं. दुसरा, खुनाच्या तपासात कुणी साक्षीदार भेदरलेला असेल, लहान असेल, किंवा आरोपीचं बोलणं जुळत नसेल, तर तिथे जाऊन बसणं. दुसऱ्या भागासाठी तिला बोलावत. पहिल्यासाठी मात्र कुणी सरळ येत नसे. येणारा आधी गाडी धुवायच्या निमित्ताने मागे यायचा, इकडेतिकडे बघायचा, मग आत शिरून दार लोटायचा. आणि मोकळा होऊन गेला की पुढे महिनाभर व्हरांड्यात समोर आला तरी तिच्याकडे बघायचा नाही. डब्याच्या वेळी बाकीचे कर्मचारी एकत्र बसत. ती तिथे गेली की बोलणं थांबायचं. म्हणून ती आपल्या खोलीतच जेवू लागली.

परवाच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, बाजारहत्नूरकडच्या डोंगरपायथ्याच्या एका गावात जयवंताबाई नावाच्या विधवेचा खून झाला. बाई साठीच्या आतबाहेरची. संध्याकाळी वावरातून घरी आली नाही. शेजाऱ्यांनी शोधलं, तर कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेला, गुरांच्या कोठ्यापाशी पडलेली. डोक्यावर मार होता. तिचा एकुलता मुलगा सुरज ट्रॅक्टर चालवायचा. तो अंधार पडल्यावर गावात पोचला. आईला पाहिलं, खाली बसला आणि साऱ्या गावासमोर म्हणाला, “मीच मारलं मायले.”

पोलिसांनी त्याला चौकशीसाठी आणलं. ठाण्यातही तो तेच म्हणाला. ठाण्याचं नाव इथे सांगायला नको. सब-इन्स्पेक्टर प्रवीण निर्मल गावाकडचा, तेलुगू बोलणारा, पस्तिशीचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने प्रतिभाला फोन केला. मराठी त्याला समजायची, बोलायचा तो हिंदीत.

“मॅडम, पोरगा कबूल आहे. पण हत्यार कुठे टाकलं ते नीट सांगत नाही. एकदा विहिरीत म्हणतो, एकदा ओढ्यात. तुमच्या भाषेतला आहे. जरा बोलतं करा. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हत्यार मिळालं पाहिजे.”

ती जीपने गेली. ठाण्याच्या दारात हेड कॉन्स्टेबल लक्ष्मणराव भेटले, इचोड्याचे, निवृत्तीला आलेले. चालता चालता हळूच म्हणाले, “बाई, पोराले तर पाहाच. पन साहेबाकडंबी पाहा. कालपासून पोटात अन्न नाई त्यायच्या. त्या मेल्या बाईले उचलाले हात लावला, तवापासून हात धुऊन राह्यले.”

प्रवीण खुर्चीत ताठ बसला होता. बोटांची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडलेली. प्रतिभाने ते पाहिलं आणि आधी कामाचं बोलली.

“डॉक्टर काय म्हणतात? मार कशाचा?”

“बोथट काहीतरी. दांडा, किंवा कुदळीची मागची बाजू.”

“आणि सुरज काय म्हणतो?”

“कुऱ्हाड म्हणतो.”

“कुऱ्हाड हा शब्द आधी कोण बोललं? तो की आपण?”

त्याने उठून आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

सुरज मागच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. तेवीस-चोवीसचा असेल. समोरच्या ताटातला भात तसाच. प्रतिभाही सतरंजीवरच बसली.

“सुरज, मी प्रतिभा. तलमडुगुकडची. आधी एक गोष्ट सांगते. मी पोलिसांकडून आली. तू जे सांगशील ते मले साहेबांले सांगा लागन. समजलं?”

त्याने मान हलवली.

“मंग तुया मायविषयी सांग. खुनाचं नको. ती कशी व्हती ते सांग.”

मग त्याने सुरुवात केली ती भाजीपासून. आईच्या हातची अंबाडीची भाजी. ती त्याला रागाने ‘साहेब’ म्हणायची. बाप लहानपणी गेला, तिने एकटीने वावर सांभाळलं. त्याला निजामाबादेला जाऊन मोठी गाडी चालवायची होती आणि ती जाऊ देत नव्हती. त्यावरूनच त्या सकाळी वाजलं होतं. तो न जेवता निघाला, इचोड्याला गेला. ट्रॅक्टरचं काम होतं, ते होईस्तोवर ढाब्यावर मित्रांत बसला.

“आन मंग?”

“मंग तिचा फोन आला.”

“काय म्हणली?”

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “उचललाच नाई ना, बाई. वाजून राह्यला व्हता. मी पाहून राह्यलो व्हतो. पोट्टे म्हने, माय बलावते तुई, जाय. मले राग आला. मी फोन उलटा करून ठेवला. परत वाजला. परत वाजला. मंग वाजाचा बंद झाला.”

अशा वेळी काही बोलायचं नसतं, हे प्रतिभा शिकलेली होती. पण शिकलेलं दर वेळी तितकंच जड जातं.

“मंग तू काऊन म्हनतं, मी मारलं?”

“मीच मारलं ना. उचलला असता त आलो असतो. आलो असतो त ती मेली असती का? तुमीच सांगा.”

“आन कुऱ्हाड?”

“साहेब म्हने कुऱ्हाड व्हती का. मी म्हनलं हो. विहिरीत टाकली का म्हने. हो म्हनलं. कायबी इचारा बाई, मी हो म्हनतो. मले फाशी द्या म्हना.”

बाहेर आल्यावर तिने प्रवीणला सरळ सांगितलं, “या मुलाने खून केला असं मला वाटत नाही. हा दुःखाने बोलतोय. आई गेली याची शिक्षा त्याला हवी आहे, आणि ती आपण देऊ असं त्याला वाटतं. तो त्या वेळी इचोड्याच्या ढाब्यावर होता का, ते बघा. तिथे कॅमेरा असेल. आणि ती त्याला कशासाठी बोलावत होती, ते कुणी शोधलं का?”

प्रवीणचा चेहरा लाल झाला. “मॅडम, गावासमोर कबूल झालेला माणूस आहे. वर काय सांगू? मॅडमना वाटत नाही म्हणून सोडला?”

“मी सोडा म्हणत नाही. तपासा म्हणते. आणि त्याला एकटा ठेवू नका. तो जिवाचं काही करून घेईल.”

“तुम्हाला हत्यारासाठी बोलावलं होतं,” तो म्हणाला आणि आत निघून गेला.

आदिलाबादला पोचल्यावर तिने वरिष्ठांना आपलं मत लेखी दिलं, घरी गेली, कुलूप उघडलं, भात टाकला. सुरजचं ‘तुमीच सांगा’ कानात होतं. कुणाला तरी फोन करावा असं तिला वाटलं. करता येईल असं एकही नाव सुचलं नाही.

पुढचं लक्ष्मणरावांनी केलं म्हणायला हवं. ते इचोड्याचेच, ढाबेवाल्याला ओळखत. कॅमेऱ्यात सुरज स्वच्छ दिसत होता, खुनाच्या सुमाराला आणि नंतरही. प्रवीणने ते पाहिलं, आणि मग मात्र तो स्वतः त्या वावरात गेला. गावात पहिल्या दिवशी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, बाईचं कुणाशी वाकडं होतं का. बाजूच्या वावरातल्या यशवंतरावाने रानडुकरांसाठी धुऱ्यावरून, दोन वावरांमधल्या बांधावरून, उघडी वीजतार टाकली होती. जयवंताबाई रोज त्यावरून भांडायची, माझी ढोरं मरतील, माझं पोरगं मरेल म्हणून. त्या संध्याकाळी तो तार ओढत असताना ती आडवी गेली आणि पोराला बोलावते म्हणून फोन लावू लागली. त्याने हातातली कुदळ उलटी करून मारली. कुदळ त्याच्याच कोठ्यात, गवताखाली सापडली. यशवंतरावाने फार विरोध केला नाही. त्याला वाटलं होतं, पोरगा कबूल झाला म्हणजे संपलं.

वर्तमानपत्रात प्रवीणचा फोटो आला. प्रतिभाचं नाव कुठे नव्हतं, असावं असं तिला वाटतही नव्हतं. तिने दोन गोष्टी केल्या. सुरजला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे पाठवायची व्यवस्था लावली आणि त्याच्या मामांना बोलावून सांगितलं, काही दिवस याला एकटं सोडू नका. स्वतः तिला त्याच्याशी पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं. ती पोलिसांची होती आणि तो खटल्यातला साक्षीदार.

काही आठवड्यांनी प्रवीण आला. मागच्या बाजूने नाही. भर दुपारी, गणवेशात, समोरच्या व्हरांड्यातून. आत आला आणि बसला नाही.

“एक सांगायचं होतं. तो पोरगा खोटं बोलतोय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“बसा ना,” ती म्हणाली.

“जखम बघितली होती मी. कुऱ्हाडीची नव्हती, ते मला कळत होतं. पण तो कबूल आहे म्हटल्यावर मला पुन्हा त्या कोठ्यापाशी जावं लागणार नव्हतं. मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी एका बुडालेल्या लहान मुलीला तलावातून काढलं. तेव्हापासून कुठलंही प्रेत बघितलं की तिचंच तोंड दिसतं. मी सुटण्यासाठी त्याला अडकवत होतो.”

मग तो बसला. बराच वेळ बोलला. ती ऐकत राहिली. त्याने विचारलं, “मी नोकरी करायच्या लायकीचा आहे का?” ती म्हणाली, “तुम्ही परत तिथे गेलात ना. तिथून सुरुवात करू. दर आठवड्याला यायचं. सुट्टी घ्यायची, ती मी लिहून देते. आणि हात धुण्यावर औषध लागेल, त्यासाठी डॉक्टर वेगळे.”

“कुणाला कळणार नाही ना?”

“माझ्याकडून नाही.”

तो येत राहिला. दुसऱ्या खेपेपासून मात्र मागच्या बाजूनेच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती इचोड्याच्या बाजारात उतरली होती. रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागले होते. तिथे तिला सुरज दिसला. अंगावर चांगला शर्ट, चेहरा भरलेला, मामाबरोबर. तिला इतकं बरं वाटलं की ती दोन पावलं पुढेच गेली. त्यानेही तिला पाहिलं. क्षणभर थबकला, मग मान खाली घातली आणि ट्रकच्या आडून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिला राग आला नाही. त्या खोलीतला तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे नको असेल तर ही बाईही नको, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी ती टरबूज न घेताच बसमध्ये चढली, आणि आदिलाबादला न जाता तलमडुगुकडे वळली.

देवाजी अंगणात बाजेवर बसून सुपात पाखडून ठेवलेल्या ज्वारीतले खडे वेचत होते. मुलगी अशी अचानक कधी येत नसे.

“जेवली का?” त्यांनी विचारलं. फोनवरही ते नेहमी एवढंच विचारत.

“नाई.”

त्यांनी भाकर वाढली, कांदा फोडून दिला. ती जेवताना ते शाळेच्या जुन्या गोष्टी सांगत होते, कोण विद्यार्थी तहसीलला लागला, कोण वारला. मधेच थांबले.

“तू इतक्या लोकायचं ऐकतं. तुयं कोन ऐकते, प्रतिभा?”

तिने घास खाली ठेवला. नाव, गाव, खटला, यातलं तिला काहीच सांगता येणार नव्हतं. ते सगळं बाजूला काढलं तर तिच्याजवळ सांगायला फारच थोडं उरत होतं.

“कोनी नाई, बाबा. लई एकटं वाटते.”

देवाजींनी सूप बाजूला सरकवलं. “आज राहून जाय,” ते म्हणाले. “सकाळच्या बसनं जाशील.”

ती राहिली. रात्री बाजेवर पडल्या पडल्या तिने त्यांना आपल्या कामाच्या खोलीविषयी सांगितलं. पाण्याचा आवाज, गाड्यांच्या साबणाचा वास, एकटीने खाल्लेला डबा. नवऱ्याविषयीही सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. देवाजी मधेमधे ‘हं’ म्हणत होते. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि अर्धं त्यांना कळलं नसावं, हे तिला दिसत होतं. ती थांबली नाही.

सकाळी ते तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आले. बस यायला उशीर होता. दोघं कडुलिंबाखाली उभी राहिली. मोटारसायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी मास्तरांना नमस्कार घातला. “पोरगी माही,” देवाजींनी त्याला ओरडून सांगितलं, “पोलिसात आहे.” मग बस आली, आणि ती चढून खिडकीपाशी बसली.